फुगेवालीची बंदूक

माझ्या धंद्यात माणूस संशयी होतो. मी दातांची डॉक्टर. तीस वर्षं कर्जतच्या बाजारात माझा दवाखाना आहे आणि तीस वर्षं लोक माझ्या खुर्चीत बसून, तोंड उघडायच्या आधीच, खोटं बोलत आलेत. दिवसातून दोनदा घासतो. तंबाखू केव्हाच सोडली. गोळ्या पूर्ण घेतल्या. मग आ करतात आणि सगळं समोर येतं. त्यामुळे कुणी काही सांगितलं की मी ते आधी खोटं धरते आणि मग सावकाश खऱ्याकडे येते. दवाखाना बंद केला तरी ही सवय काही बंद होत नाही. माझा नवरा कॉलेजात शिकवायचा, आता निवृत्त आहे. तो म्हणतो, तू मटार सोलतानासुद्धा प्रत्येक दाण्याची उलटतपासणी घेतेस.

बंदुकांचं खूळ डोक्यात शिरलं ते भंगाराच्या दुकानात. दवाखान्यातला जुना कॉम्प्रेसर विकायला मी खोपोलीच्या रस्त्यावर गेले होते. तिथे मोडक्या सायकलींच्या खाली एक छऱ्याची बंदूक पडली होती. दस्ता फुटलेला, नळीवर गंज, चाप अडकलेला. कॉलेजात असताना एका शिबिरात मी नेमबाजी केली होती, आणि चांगली केली होती. लग्न, मुलगी, दवाखाना या सगळ्यात ते कुठे गेलं कळलंच नाही. मी ती बंदूक उचलली आणि भंगारवाल्याला विचारलं, ही आली कुठून? तो म्हणाला, बंगल्यातून. कुठल्या बंगल्यातून, असं विचारल्यावर तो पत्रे निवडायला लागला. झालं, माझ्या मनात पाल चुकचुकली. बंदूक तर घेतली, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती चादरीत गुंडाळून सरळ पोलीस ठाण्यात नेली.

हवालदारांनी ती उलटसुलट करून पाहिली. म्हणाले, "मॅडम, ही फुगे फोडायची. हिला परवाना लागत नाही. पण खऱ्या बंदुकीला घरात हात लावायचा नाही हां, तो गुन्हा होतो." मी म्हटलं, मला खरी नकोच आहे. मग त्यांनी विचारलं, "पण ही तरी तुम्हाला कशाला?" दुरुस्त करायला, मी म्हटलं. "आणि मग?" मग काही नाही. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मी जशी तंबाखू सोडलेल्यांकडे पाहते, तसंच. शेवटी माझं नाव आणि पत्ता एका वहीत लिहून घेतला. पुढे आठवडाभर दवाखान्यासमोरून पोलिसांची गाडी गेली की मला वाटायचं, माझ्यासाठीच आली.

दातांच्या डॉक्टरला हे काम जमायला वेळ लागत नाही. बारीक कानशी, पॉलिशची चाकं, आरसा, चिमटे, सगळं घरात होतंच. जी हत्यारं आता तोंडात घालण्यासारखी राहिली नव्हती ती मी मागच्या पडवीत आणली. पहिली बंदूक उघडली तेव्हा आतली स्प्रिंग उडून नवऱ्याच्या तुळशीवर पडली, तेव्हापासून तो पडवीत येताना आधी खोकतो. आतला चामड्याचा वॉशर वाळून पापडासारखा झाला होता. नवा मी नवऱ्याच्या जुन्या पट्ट्यातून कापला. त्याने पट्टा कुठे गेला म्हणून विचारलं नाही, म्हणजे त्यालाही थोडा संशय होताच. एक खीळ मोडली होती ती साजगावातल्या एका लेथवाल्याकडून करून घेतली. त्याने ती हातात खेळवत विचारलं, "ही कशाची?" मी म्हटलं, दाताची. त्याला ते पटलं नाही आणि मला त्याचं पटणं न पटणं पटलं नाही. दोन महिन्यांनी त्या बंदुकीतून पहिला छर्रा सुटला आणि मागच्या भिंतीशी ठेवलेल्या वाळूच्या खोक्यात जाऊन रुतला. मी इतकी खूष झाले की नवऱ्याला मिठी मारली. मग आणखी दोन बंदुका घेतल्या, त्याही भंगारातल्याच, त्याही पोलिसांना दाखवूनच.

शेजारी मात्र माझ्याबद्दल वेगळंच बोलत होते. पडवीतून टक टक आवाज येतो, कुरिअरवाला लांबट खोकी आणतो, आणि बाई विचारलं की हसतात. समोरच्या काकूंनी एकदा दाढ दाखवायला आल्यावर हळूच विचारलं, "मुलगी परदेशात आहे ना तुमची? सगळं ठीक आहे ना?" त्यांच्या डोक्यात काय होतं ते मला आजही कळलेलं नाही. मी त्यांना बंदुका दाखवल्या. त्यानंतर त्या दुसऱ्या डॉक्टरकडे जायला लागल्या.

फुगेवाली मला भेटली ती कळंबला. नवऱ्याचे पुण्याचे भाऊ-भावजय आले होते, त्यांना घेऊन आम्ही तिथल्या एका रिसॉर्टवर दुपारच्या जेवणाला गेलो होतो. फाटकाबाहेर, उजव्या हाताला, तिची पाटी होती. लाकडी चौकट, त्यावर फुग्यांच्या पाच ओळी, मागे मातीने भरलेल्या गोणी. ती वरच्या वाडीतली, ठाकर आदिवासींतली. चाळिशीची असेल. काटक, कपाळावर गोंदण, बोलणं मोजकं. नवरा रोजावर जायचा, घरात सासू आणि जाऊ, आणि शनिवार-रविवारी या फुग्यांवर घर चालायचं. जागा रिसॉर्टच्या मॅनेजरने दिली होती, एका अटीवर. हे तिनेच मला सांगितलं: "एक जरी तक्रार आली ना बाई, तर जागा गेली. मग कुटं बसू? रस्त्याला कोण थांबतंय."

पाहुण्यांना माझं कसब दाखवायचं म्हणून मी बंदूक घेतली. वरच्या ओळीतला लाल फुगा धरला आणि चाप ओढला. त्याखालचा पिवळा फुटला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग शेजारचा निळा धरला, पुन्हा त्याच्या खालचाच फुटला. तिसऱ्यांदाही तेच. टाळ्या वाजवणाऱ्यांना काय, फुगा फुटला की झालं. पण मला माझा नेम ठाऊक होता. मी चुकत नाही, असं मला तेव्हा वाटायचं, आणि मी चुकत नाही म्हणजे बंदूक खोटी आहे. मी नळीच्या टोकाकडे पाहिलं. तिथे नेम धरायला एक छोटा उंचवटा असतो, त्याला माशी म्हणतात. ती जितकी उंच, तितका छर्रा खाली जातो. हिच्या माशीवर कुणीतरी राखाडी लांबीचा एक गठ्ठा चिकटवून ती दीडपट उंच केली होती. नळ गळायला लागला की लावतात ना, तीच लांबी. ते काम चुकून झालेलं नव्हतं. नीट बोटाने दाबून बसवलेलं होतं.

मी मनात म्हटलं, अस्सं. म्हणजे इथेही खोटंच. गिऱ्हाईक नेम धरणार एकीकडे आणि छर्रा जाणार मातीत. मी तिला काही बोलले नाही. उलट गोड आवाजात म्हटलं, "स्प्रिंग ढिली झालीय गं हिची. कर्जतला आणून दे, मी नीट करून देते."

तिने माझ्याकडे तिरकं पाहिलं. "काय घेशाल?"

"काही नाही. हौस आहे मला."

"फुकट?" ती म्हणाली, आणि बंदूक जरा जवळ ओढून घेतली.

दसऱ्याच्या आधी चार दिवस ती दवाखान्यात आली. बंदूक गोणपाटात गुंडाळलेली. स्प्रिंग पुरती मोडली होती. खंडेनवमीला कोयता, विळा, फुगे भरायचा पंप आणि ही बंदूक अशी पूजा मांडायची होती, आणि नंतर दिवाळीच्या सुट्ट्या, म्हणजे वर्षभरातली सगळ्यात जास्त गर्दी. ती खुर्चीत बसली नाही, उभीच राहिली. जाताना दारात थांबून म्हणाली, "बाई, फकस्त आतलं बघा. भायेरचं ऱ्हाऊ द्या तसंच."

बाहेरचं राहू द्या. हे ऐकलं आणि माझी खात्रीच पटली. इथेच पाणी मुरतंय. चोराने स्वतःच बोट दाखवावं तसं झालं होतं. ती खोटेपणा झाकायला सांगते आहे, असंच मला वाटलं, दुसरं काही वाटलंच नाही. का राहू द्यायचं, एवढं विचारायला मला किती वेळ लागला असता? ती दारात होती. मी विचारलं नाही.

स्प्रिंग बदलली, वॉशर नवा घातला, चापाला तेल दिलं. मग माशी समोर धरली. इथे मला माझ्या धंद्याबद्दल एक सांगायला हवं. दातात सिमेंट भरल्यावर ते जरा उंच राहतं. आम्ही दोन दातांमध्ये निळा कागद ठेवतो, चावायला सांगतो, आणि विचारतो, उंच लागतंय का? पेशंट हो म्हणाला तरच घासायचं. न विचारता घासलं तर चांगला दात खराब होतो, हे पहिल्या वर्षाच्या पोराला ठाऊक असतं. तीस वर्षांत मी एकाही माणसाचं सिमेंट न विचारता घासलेलं नाही. पण तिचा तो राखाडी गठ्ठा मी बारीक चाकाखाली धरला आणि दोन मिनिटांत साफ केला. खाली लोखंडाची मूळ माशी निघाली, तिला पॉलिश केलं. वाळूच्या खोक्यावर तीन छर्रे मारले, तिन्ही एकाच जागी. नवरा पडवीत खोकून आला आणि म्हणाला, "तिने बाहेरचं राहू दे म्हटलं होतं ना?" मी म्हटलं, "तू गप्प बस. तुला जगात सगळे साधू दिसतात." मला खरंच वाटत होतं की मी एक चांगलं काम केलं. तिला सुधारलं, असंही वाटलं, हे लिहायला आता लाज वाटते.

ती बंदूक न्यायला आली तेव्हा मी ती गुंडाळूनच दिली. तिने गोणपाट उघडलं नाही. पिशवीतून काकड्या काढून टेबलावर ठेवल्या आणि गेली.

दिवाळीच्या पाडव्यानंतरच्या सोमवारी दुपारी, दवाखाना बंद असताना, ती मागच्या दाराने आली. चेहरा सुजलेला, रडून सुजलेला. बंदूक पुन्हा त्याच गोणपाटात. मी पाणी दिलं ते तिने हातात धरून ठेवलं.

तिने जे सांगितलं ते असं. पाटीच्या मागे तिच्या वाडीकडे जाणारी पायवाट आहे. गोणी पाटीच्या उंचीएवढ्याच रचलेल्या, कारण त्याहून वर रचल्या तर फाटकावरचा फलक झाकतो म्हणून मॅनेजर रचू देत नाही. पहिल्यांदाच बंदूक धरणाऱ्याला माशी डोळ्याजवळच्या खाचेत नीट बसवता येत नाही, तो ती वर काढूनच बघतो, आणि त्याचा छर्रा वर जातो. वर गेला की गोणींवरून पायवाटेवर. म्हणून दोन वर्षांपूर्वी तिने लांबी आणून माशी उंच केली. मग कुणी कसाही नेम धरो, छर्रा फुग्यात नाहीतर मातीत. कुठलाही फुगा फुटला तरी तिच्याकडे तो फुटलाच धरायचे. त्यात फसवणूक कुठे होती? मी तीन फुगे फोडले होते आणि तिन्ही तिने फुटलेच धरले होते, हे मला त्या क्षणी आठवलं. आणि नवख्याचा छर्रा वर जातो, ही गोष्ट मला शिबिरात पहिल्याच दिवशी शिकवली होती.

शनिवारी भर गर्दीत मुंबईच्या एका माणसाने वरच्या ओळीवर नेम धरला. तिची जाऊ डोक्यावर मोळी घेऊन पायवाटेने येत होती. छर्रा तिच्या मानेत बसला, कानाच्या दोन बोटं खाली. रक्त आलं, लहान मुलं किंचाळली, मॅनेजर धावत आला. सरकारी दवाखान्यात छर्रा काढला, दोन टाके घातले. जाऊ वाचली. जागा गेली.

"ती लांबीची गोळी कुटं तरी पडली बाई," ती म्हणाली. "माझंच ध्यान नाय ऱ्हायलं. सणाच्या गडबडीत बगितलंच नाय. सासू बोलत नाय माझ्याशी. जाऊ तर तोंड फिरवते. तुमी नवी लावून द्या, मग मी मॅनेजरच्या पाया पडते."

मी गप्प बसले असते तर तिला कधीच कळलं नसतं. हे मला त्याच वेळी, अगदी स्वच्छ, लक्षात आलं होतं, आणि मी थोडा वेळ गप्प बसलेही. नवी गोळी लावायला पाच मिनिटं लागली असती. पण ती तशीच पेला धरून उभी होती आणि स्वतःला दोष देत होती, आणि माझ्याच्याने ते बघवेना. मी म्हटलं, "पडली नाही. मी घासून काढली."

तिला आधी समजलं नाही. मी पुन्हा सांगितलं.

"का?"

"मला वाटलं, तू लोकांना फसवतेस."

तिने पेला ओट्यावर ठेवला, पाण्याला तोंड न लावता.  मग म्हणाली, "मी बोलले व्हते ना, भायेरचं ऱ्हाऊ द्या."

"हो."

"मंग इचारलं का नाय?"

 ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. मी तशीच चप्पल घातली, नवऱ्याला गाडी काढायला सांगितलं आणि आम्ही तिघं कळंबला गेलो. 

मॅनेजर तरुण होता, इस्त्रीच्या शर्टातला. मी त्याला सगळं सांगितलं. चूक माझी, तिची नव्हे, दोन वर्षं तिच्यामुळेच कुणाला लागलं नव्हतं, आता दुरुस्त करते, जागा परत द्या. त्याने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, कोणी काय केलं ते मला नकोय. गेस्टसमोर रक्त आलं, मला मालकांकडून ऐकून घ्यावं लागलं." आणि जरा थांबून, माझ्याकडे वेगळ्याच नजरेने पाहत, "पण तुम्ही बंदुकांचं काम घरी करता? कोणाला माहितीये का हे?" मी पोलीस ठाण्यातल्या वहीचं सांगितलं. त्याला ते खरं वाटल्याचं दिसलं नाही. जागा त्याने दिली नाही.

तिथून मी तिच्याबरोबर वाडीवर गेले. जावेला सांगणं बाकी होतं, आणि सासूलाही. जाऊ अंगणात बसली होती, मानेला पट्टी, मान एका बाजूला ताठ धरलेली. मी उभ्यानेच सगळं सांगितलं आणि माफी मागितली. सासूने फुगेवालीकडे पाहिलं आणि पहिल्यांदा तिला बस म्हणाली. जावेने मला न्याहाळलं. मग विचारलं, "तुमी दाताच्या ना?"

"हो."

"मंग दात बगायचे."

हे ती रागाने म्हणाली नाही. साधं सांगावं तसं म्हणाली, आणि मला वाटतं आयुष्यात मला इतकं नेमकं कुणी बोललेलं नाही. परतताना गाडीत मी रडले. नवऱ्याने गाडी नेरळच्या फाट्यावर थांबवली आणि मी आवरेपर्यंत तो बाहेर उभा राहिला.

आता ती कळंबच्या अलीकडे वळणावर बसते. मागे चढ आहे, कुणाला लागायची भीती नाही, पण तिथे गाड्या वेगात असतात आणि दहातली एखादी थांबते. मी दोन-तीन रिसॉर्टवाल्यांकडे जाऊन शब्द टाकला, त्यातले दोघे माझेच पेशंट आहेत. बघू म्हणाले. पडवीतलं माझं काम मी सोडलेलं नाही, पण आता बंदूक घेऊन कुणी आलं तर ती हातात घेण्याआधी मी विचारते, हे असं का केलंय, आणि तो सांगतो ते पूर्ण ऐकते. खुर्चीतल्या लोकांवर मात्र अजूनही विश्वास बसत नाही, खरं काय ते दात पाहूनच कळतं.

पावसाळ्याआधी तिची बंदूक पुन्हा बिघडली. मला वाटलं होतं, ती येणार नाही. आली. पण ठेवून गेली नाही. पडवीत स्टूल ओढून माझ्यासमोर बसली. मी स्क्रू काढला की तो तळहातावर घ्यायची, त्याच क्रमाने ओट्यावर मांडायची. तेलाची बाटली उचलली तर विचारायची, हे काय. दोन तास बसली, चहा घेतला नाही. काम झाल्यावर बंदूक उन्हात नेली, माशीवरची लांबी अंगठ्याने दाबून पाहिली, वाळूच्या खोक्यावर तीन छर्रे मारले, प्रत्येक छर्रा कुठे बसला ते जवळ जाऊन बघितलं. मग परत माझ्यापाशी येऊन म्हणाली, एक स्क्रू पुन्हा उघडून दाखवा. मी उघडला.

"विश्वास नाही का गं माझ्यावर?" मी विचारलं. हसून विचारायचं होतं, पण तसं जमलं नाही.

"हाय ना," ती म्हणाली, आणि माझ्या हातावरची नजर काढली नाही.